मूल कधी आणि कोणाच्या संमतीने : निकाह ठरलेल्या मुलींसाठी मार्गदर्शक

निकाह ठरल्यापासून पहिले बाळंतपण होईपर्यंतचा काळ मराठवाड्यातल्या बहुतेक मुस्लिम मुलींच्या वाट्याला फार घाईने येतो. शिक्षण पुढे चालू राहील का, राहायचे कोठे, मूल लगेच हवे की पाळणा थोडा लांबवायचा, हे प्रश्न याच काळात सुटतात. पण ते सोडवणारी माणसे दुसरीच असतात, आणि मुलीने काही विचारलेच तर ‘शरियतमध्ये असेच आहे’ एवढ्यावर विषय मिटतो. माझे म्हणणे असे की शरियतमध्ये तसे नाही आणि देशाच्या कायद्यातही तसे नाही. मूल कधी व्हावे यात पत्नीची संमती लागते, हे बहुसंख्य फकीहांनी, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, शतकांपूर्वीच मान्य केले आहे. हा लेख लग्न ठरलेल्या मुलींसाठी, त्यांच्या आईवडिलांसाठी आणि मुस्लिम वस्तीत नव्याने काम सुरू करणाऱ्या आशा कार्यकर्त्यांसाठी आहे. सुरुवात मुद्दाम निकाहपूर्वीच्या दिवसांपासून केली आहे, कारण नंतर भांडून मागावे लागणारे बरेच काही आधी लिहून घेता येते.

पहिली पायरी : कोणत्या प्रश्नाला कोणता कायदा

१९३७ च्या मुस्लिम वैयक्तिक कायदा (शरियत) अंमलबजावणी अधिनियमाने काही ठरावीक विषय शरियतकडे सोपवले आहेत : निकाह, तलाक व खुला (पत्नीने मागून घेतलेली फारकत) यांसह विवाहविच्छेद, मेहर (निकाहात ठरलेली, पतीने पत्नीला द्यायची रक्कम), पोटगी, पालकत्व, वारसा, हिबा (दान), वक्फ आणि यांसारखे आणखी काही. गर्भनिरोधक साधने, गर्भपात आणि नसबंदी हे विषय त्या यादीत नाहीत. त्यामुळे किनवटच्या शासकीय रुग्णालयात असो की छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या मोठ्या शासकीय रुग्णालयात, या तीन गोष्टींबाबत मुस्लिम स्त्रीला तोच कायदा लागू होतो जो इतर प्रत्येक स्त्रीला लागू होतो. शरियतचे मत इथे श्रद्धेचा प्रश्न म्हणून महत्त्वाचे आहे आणि ज्या स्त्रीला ते महत्त्वाचे वाटते तिला ते नीट, पूर्ण कळले पाहिजे. अर्धवट ऐकलेल्या वाक्यावर तिने आयुष्याचा निर्णय घेऊ नये. मराठवाड्यातील बहुसंख्य मुस्लिम हनफी या सुन्नी विचारपरंपरेचे असल्याने पुढे प्रामुख्याने हनफी मत दिले आहे. फतवा विचारण्यात काही गैर नाही, मात्र फतव्याला किंवा दारुल कझाच्या (शरियतनुसार निवाडा करणाऱ्या खासगी मंडळाच्या) निर्णयाला कायद्याचे बंधनकारक बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे.

दुसरी पायरी : होकार आणि वय

निकाहच्या वेळी वकील (कोर्टातला नव्हे, मुलीचा होकार आणणारा प्रतिनिधी) दोन गवाहांना, म्हणजे साक्षीदारांना, घेऊन बायकांच्या खोलीत येतो, मुलाचे नाव व मेहरची रक्कम उच्चारतो आणि मुलीला कबूल आहे का असे विचारतो. खोली गच्च भरलेली असते, कोणीतरी मागून डोके हलवायला सांगत असते, आणि काही क्षणांत सह्या होऊन माणसे बाहेर जातात. एवढ्या थोड्या वेळात खरा होकार घेता येत नाही, म्हणून तो आधीच घरात, शांतपणे, मुलीला नकार देण्याची मोकळीक ठेवून विचारला गेला पाहिजे. हनफी मतानुसार सज्ञान मुलीचा निकाह तिच्या संमतीवाचून वैध होत नाही. वडिलांनी मनाविरुद्ध लावून दिलेला खनसा बिन्त खिदाम यांचा निकाह प्रेषितांनी रद्द ठरवल्याची हदीस, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतीची नोंद, बुखारी या संग्रहात आहे आणि ती मौलवींना चांगली माहीत असते. घरात विषय काढायचा असेल तर तिच्यापासून सुरुवात करावी.

वयाबाबत तडजोड करू नये. पारंपरिक फिक्ह (इस्लामी विधिशास्त्र) वयात येणे हा निकष मानते, पण २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलीचे लग्न लावणारे नातेवाईक आणि काझी दोघेही गुन्ह्यात येतात. १८ वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे. खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ या क्रमांकावर कोणीही, नाव न सांगता, कळवू शकते.

तिसरी पायरी : निकाहनामा रिकामा सोडू नये

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा. निकाह हा करार आहे, आणि करारात अटी घालता येतात. तरीही आपल्याकडे निकाहनाम्याचा छापील कागद बहुतेक वेळा नावे, वय, गवाह आणि मेहरचा आकडा एवढ्यावर संपतो. काही नमुन्यांत शर्तींसाठी दोन-तीन ओळी असतात आणि त्यांवर आडवी रेघ मारलेली असते. काहींत ती जागाच नसते. तशा वेळी अटींचा वेगळा कागद करून त्यावर नवरा, नवरी आणि त्याच दोन गवाहांच्या सह्या घ्याव्यात व तो निकाहनाम्याला जोडावा. मराठवाड्याच्या अनेक शहरांत निजामाच्या काळापासून चालत आलेली काझींची घराणी आजही निकाह लावतात. त्यांच्या दफ्तरात मुलीच्या घरच्यांनी किमान आठवडाभर आधी जाऊन कोरा नमुना मागावा, कारण निकाहच्या दिवशी मांडवात बसून अटींची चर्चा होऊ शकत नाही आणि झाली तरी ती मुलाकडच्यांना अपमान वाटते.

अटी कोणत्या घालाव्यात? पहिला निकाह टिकून असताना पतीने दुसरा निकाह करू नये. पत्नीचे शिक्षण किंवा नोकरी थांबवू नये. राहण्याची स्वतंत्र जागा द्यावी. या अटी रूढ आहेत आणि न्यायालयेही त्यांना मान देतात. त्यांना जोडून मूल आणि आरोग्य यांविषयीची एक अट घालावी, असे मी प्रत्येक घराला सुचवेन. शब्द साधे असावेत : ‘मूल कधी व किती अंतराने व्हावे याचा निर्णय पती-पत्नी परस्परांच्या रजामंदीने घेतील आणि पत्नीच्या आरोग्यासाठी लागणाऱ्या उपचारांना पती अडथळा आणणार नाही.’ अट नुसती लिहून उपयोगाचे नाही, ती मोडली तर काय हेही लिहावे लागते. त्यासाठी तलाक-ए-तफवीजची सोय आहे, म्हणजे पतीने आपला तलाकचा अधिकार ठरावीक परिस्थितीत वापरण्यासाठी पत्नीकडे सोपवायचा. ‘वरीलपैकी कोणतीही अट मोडल्यास पत्नीला स्वतःवर तलाक घेण्याचा अधिकार राहील’ हे एक वाक्य त्यासाठी पुरते. हनफी फिक्हमध्ये तफवीज जुनी आणि मान्य आहे आणि भारतीय न्यायालयांनीही ती ग्राह्य धरली आहे. कोणी हे पाश्चात्त्य खूळ म्हणाले, तर काझीसाहेबांनाच विचारायला सांगावे.

मेहर कागदापुरते ठेवू नये. मुअज्जल म्हणजे तत्काळ द्यायचे आणि मुवज्जल म्हणजे पुढे, बहुधा तलाकच्या किंवा मृत्यूच्या वेळी द्यायचे. किती कोणते हे वेगवेगळे लिहावे, आणि उच्चार इतके जवळचे असल्याने ‘तत्काळ’ व ‘नंतर’ असेही लिहून घ्यावे. मेहर-ए-फातिमी ठरवायचे असेल तर ते ५०० दिरहम, म्हणजे सुमारे दीड किलो चांदी होते. रुपयांत लिहिलेली रक्कम दहा वर्षांनी किरकोळ वाटते, चांदीचे वजन लिहिले की तसे होत नाही. तत्काळ मेहर मागूनही दिले नाही, तर संबंध येण्यापूर्वी पत्नी सासरी नांदण्यास नकार देऊ शकते. निकाहनंतर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विवाह नोंदणी करून दाखला घ्यावा, कारण पुढे न्यायालयात किंवा पोलिस ठाण्यात पहिल्यांदा तोच विचारला जातो.

चौथी पायरी : पाळणा लांबवणे

प्रेषितांच्या काळात अज्ल, म्हणजे वीर्यपात बाहेर करणे, हे गर्भ टाळण्याचे रूढ साधन होते. कुरआन उतरत असतानाही आम्ही अज्ल करत होतो, असे प्रेषितांचे सहकारी जाबिर यांचे कथन बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हनफी, मालिकी आणि हंबली फकीहांनी त्याला एक अट घातली : पत्नीची परवानगी. मूल होणे आणि संबंधाचे समाधान मिळणे हे दोन्ही तिचे हक्क आहेत, आणि दुसऱ्याचा हक्क त्याला विचारल्याशिवाय कमी करता येत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. शाफई मतात ही अट तितकी ठाम नाही. तरी शाफई परंपरेतल्याच इमाम गझाली यांनी, ज्यांचे निधन ११११ मध्ये झाले, पत्नीच्या जिवाला असलेला बाळंतपणाचा धोका आणि अधिक मुलांमुळे येणारी ओढाताण ही गर्भ टाळण्याची रास्त कारणे मानली. आजचे बहुसंख्य उलेमा निरोध, गोळ्या, तांबी यांसारख्या तात्पुरत्या साधनांना अज्लच्या धर्तीवर, दोघांच्या रजामंदीने, परवानगी देतात. कायमची नसबंदी मात्र जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका असल्याशिवाय जायज नाही, असे भारतातील बहुतेक उलेमांचे मत आहे, आणि ते जसे आहे तसे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

सूरह बकराची २३३ वी आयत इथे मला सर्वांत मोलाची वाटते. मुलाला पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याविषयी ती बोलते, आणि त्याआधी दूध तोडायचे असेल तर आईबापांनी परस्परांच्या रजामंदीने आणि मशवऱ्याने ठरवावे, असे सांगते. मुलापायी आईला त्रास देऊ नये, हेही त्याच आयतीत आहे. अंगावरचे दूध तोडण्यासारख्या गोष्टीलाही जिथे दोघांचा सल्ला लागतो, तिथे पुढचा गर्भ एकट्याच्या मर्जीने कसा ठरेल, हा प्रश्न घरात शांतपणे मांडता येतो. दोन वर्षे पाजण्याची ही शिकवण आणि दोन बाळंतपणांत किमान तीन वर्षांचे अंतर ठेवा हा आशाताईंचा सल्ला, दोन्ही एकमेकांना धरूनच आहेत.

आता साधने. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात निरोध, माला-एन व छाया या गोळ्या, अंतरा इंजेक्शन आणि तांबी मोफत मिळतात. छाया ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते, तिच्यात संप्रेरक नाही आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. माला-एन पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने टाळावी. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. तांबी पाच किंवा दहा वर्षे चालते, बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते आणि नको वाटेल तेव्हा काढता येते.

नव्या आशाताईंनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. अंतरा सुरू केल्यावर किंवा तांबी बसवल्यावर काही महिने पाळी अनियमित होते, मधूनच डाग पडतात, आणि कित्येक मुस्लिम स्त्रिया त्याच कारणाने साधन सोडून देतात. त्या लाजेने कारण सांगत नाहीत, पण रक्त दिसते तोवर नमाज आणि रोजा होणार नाही ही त्यांची खरी अडचण असते. हनफी मतानुसार हैज, म्हणजे मासिक पाळी, कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा दिवसांचे धरले जाते. त्याबाहेरचे रक्त इस्तिहाजा, म्हणजे पाळीव्यतिरिक्तचा रक्तस्राव, मानले जाते आणि त्या अवस्थेत वजू करून (नमाजपूर्वी हातपाय-तोंड धुऊन) नमाज पढता येते, रोजाही ठेवता येतो. बारकावे एखाद्या जाणत्या आलिमा बाईंकडून समजून घ्यावेत, पण एवढे सुरुवातीलाच सांगितले तर पुष्कळ स्त्रियांची भीती जाते.

नवरा तयार नसेल तर? शरियतच्या दृष्टीने रजामंदी दोघांची हवी, म्हणून आधी बोलावे, गरज पडल्यास दोघांनाही मानणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला मध्ये घ्यावे. परंतु कायद्याने गर्भनिरोधक घेण्यासाठी पतीची परवानगी लागत नाही, नसबंदीसाठीही शासकीय नियमावलीत जोडीदाराची संमती आवश्यक नाही. जिची प्रकृती दुसरे बाळंतपण सोसण्यासारखी नाही, तिने आपला जीव आधी सांभाळावा. फिक्हसुद्धा जिवाचे रक्षण वरच्या पायरीवर ठेवते. स्त्रीने कोणते साधन घेतले हे आशाताईंनी तिच्या सासूला किंवा नवऱ्याला कधीही सांगू नये, घराच्या ओट्यावर उभे राहून त्याची चौकशीही करू नये.

पाचवी पायरी : नको असलेला किंवा धोक्याचा गर्भ

गर्भात चार महिने, म्हणजे १२० दिवस पूर्ण झाल्यावर रूह (आत्मा) फुंकली जाते, या हदीसच्या आधारे फकीहांनी गर्भपाताचा विचार केला आहे. १२० दिवसांनंतर आईचा जीव धोक्यात असल्याशिवाय गर्भपात हराम, यावर जवळजवळ एकमत आहे. त्याआधीच्या काळाविषयी मतभेद आहेत : मालिकी मत फार कडक आहे, तर हनफी फकीहांनी सबळ कारण असल्यास मुभा दिली आहे. पुन्हा दिवस गेल्याने अंगावरच्या तान्ह्याचे दूध आटेल आणि बापाला दूध पाजणारी दाई ठेवण्याची ऐपत नसेल, हे कारण इब्न आबिदीन या हनफी विद्वानाने नोंदवले आहे. भारतातील मुफ्ती आज बहुधा आईची प्रकृती हे कारण मानतात, केवळ गरिबी मानत नाहीत. दिवस मोजताना एक घोटाळा नेहमी होतो. फिक्हमधले दिवस गर्भ राहिल्यापासूनचे आहेत, डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, आणि या दोहोंत सुमारे दोन आठवड्यांचे अंतर पडते. त्यामुळे १२० दिवस म्हणजे सोनोग्राफीच्या कागदावरचे साधारण १९ आठवडे. तरीही निर्णय लांबवू नये, कारण पहिल्या काही आठवड्यांत गर्भपात सोपा व सुरक्षित असतो.

देशाचा कायदा म्हणजे १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि त्यातील २०२१ ची दुरुस्ती. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. गर्भ स्त्रीच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला धोक्याचा असणे हे एक कारण, आणि गर्भनिरोधक निष्फळ ठरणे हेही कारण मानले जाते. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ही मुभा ठरावीक स्त्रियांना आहे. गर्भारपणात तलाक झालेली किंवा विधवा झालेली स्त्री त्यांत येते. त्यानंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकते. पतीने जबरदस्ती केलेल्या संबंधातून राहिलेला गर्भही या कायद्यापुरता बलात्कारातून राहिलेला मानावा आणि त्यासाठी पोलिसांत तक्रार देण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितले आहे.

संमती फक्त त्या स्त्रीची लागते. ती १८ वर्षांवरील असेल तर ‘नमुना क’ वर तिचीच सही होते, आणि त्या नमुन्यात पतीच्या सहीला जागाच नाही. तरीही अनेक दवाखाने ‘नवऱ्याला घेऊन या’ म्हणून परत पाठवतात. अशा वेळी वाद न घालता नमुना क मागावा, नकार देत असतील तर तो लेखी मागावा, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचे विष्णुपुरी आणि लातूरचे शासकीय रुग्णालय यांत ही सेवा मिळते. नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, ते उघड केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ओळखीच्या दुकानातून गोळ्या आणून घरी घेणे मात्र कटाक्षाने टाळावे.

गर्भ मुलीचा आहे म्हणून तो पाडणे ही गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या. लिंगनिदान १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि जिवंत पुरलेल्या मुलीला कोणत्या गुन्ह्यासाठी मारले गेले हे कयामतच्या दिवशी विचारले जाईल, हे कुरआनात स्पष्ट आहे. सासरचे दबाव आणत असतील तर तो कौटुंबिक हिंसाचार आहे.

याच जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, एवढ्या कारणाने कोणी पिशवी काढायला सांगितले, तर शासकीय रुग्णालयात दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय सही करू नये. पतीने हो म्हटले म्हणजे निर्णय झाला, असे या शस्त्रक्रियेत कधीही समजू नये.

सहावी पायरी : संसार मोडत असेल आणि दिवस गेलेले असतील

एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१७ पासून अवैध आणि २०१९ च्या कायद्याने गुन्हा आहे. इतर तलाकही केवळ पतीने ‘दिला’ म्हटल्याने सिद्ध होत नाही. लातूरच्या एका दाम्पत्याच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने २००२ मध्ये ठरवले की सबळ कारण, दोन्ही घरांच्या मध्यस्थांकडून समेटाचा प्रयत्न आणि तलाक खरोखर दिल्याचा पुरावा, हे सर्व पतीने दाखवावे लागते.

गर्भवती स्त्रीची इद्दत, म्हणजे तलाकनंतर पुन्हा निकाह करण्यापूर्वी थांबायची मुदत, बाळंतपणापर्यंत असते, आणि तोवर तिचा खर्च पतीने करायचा, तिने मुलाला पाजले तर त्याचा मोबदलाही द्यायचा, हे सूरह तलाकमध्ये आहे. इद्दतीनंतरच्या पोटगीबाबत, तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही सर्वसाधारण फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा सांगितले. ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाचे आहे. तिला स्वतःला वेगळे व्हायचे असेल तर खुला, मुबारात (दोघांच्या संमतीने फारकत), आधी लिहून घेतलेली तफवीज, किंवा १९३९ च्या कायद्याखाली न्यायालयात अर्ज, असे मार्ग आहेत. १९३९ च्या कायद्यात पतीने दोन वर्षे पोटगी न देणे, तीन वर्षे वैवाहिक कर्तव्ये न पाळणे आणि क्रूर वागणूक ही कारणे येतात. मारहाण किंवा घराबाहेर काढणे चालू असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे. हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना सारखाच लागू आहे.

वकिलाच्या खर्चाची चिंता करू नये. उत्पन्न कितीही असले तरी प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० वर फोनही करता येतो. जाताना निकाहनाम्याची व अटींच्या कागदाची प्रत, विवाह नोंदणीचा दाखला, आधार कार्ड, दवाखान्याचे कागद आणि सोनोग्राफीचे अहवाल न्यावेत. यांचा एक संच निकाहनंतर लगेच माहेरी ठेवून द्यावा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ते अशा एका व्यक्तीला पाठवून ठेवावेत जिच्यावर तुमचा पूर्ण भरवसा आहे.